एक काढ, एक बसव

ताई, तुझी गाडी चालू झाली.

काल सकाळी. लगेच नाही झाली. बॅटरी पार उतरली होती, शेजारच्या टेम्पोची बॅटरी आणून बसवावी लागली. टाकीतलं शिळं पेट्रोल काढलं, नवं घातलं. सेल्फ मारला तर आधी नुसती घरघर, आणि मग एकदम तिने धरलं. धरलं आणि गुमान चालायला लागली. भावोजी पायरीवर उभे होते, चहाचा कप हातात तसाच. मेघा बॉनेटपाशी होती. तिने बापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

तुला हे कळायला हवं म्हणून लिहायला बसलोय. पण गाडी चालू झाली एवढं सांगून भागणार नाही. ती बंद का पडली होती तेही सांगायला लागेल, आणि ते सगळ्या घरात फक्त मला ठाऊक होतं.

राऊत गुरुजी तुझ्या आठवणींची एक छोटी पुस्तिका काढतायत. तुझ्याबरोबर इतकी वर्षं शाळेत होते, त्यांनीच काढायला हवी. मला म्हणाले, "तुम्ही सख्खे भाऊ, दोन पानं तरी द्या." मी नेहमीसारखी मान हलवली. त्यांची अपेक्षा असणार की मी तुझं शिक्षण, तुझ्या बदल्या, तुझा निवृत्तीचा सत्कार असं काहीबाही लिहून देईन. ते त्यांच्याकडे आहेच. मी हे देणार आहे.

तू मला लहानपणापासून घुम्या म्हणायचीस. वरोरला घरी पाहुणे आले की मी मागच्या दाराने सटकायचो, आणि "तो कुठे गेला?" असं कुणी विचारलं की तूच माझ्या वाटचं उत्तर द्यायचीस. माझ्या शाळेतल्या तक्रारी तू सांगितल्यास. लग्नाला होकार आहे हे आईला तू सांगितलंस. डहाणूत नोकरी लागल्यावर पहिल्याच महिन्यात साहेबाने सगळ्यांसमोर झापलं, तेही मी तुलाच सांगितलं, तुझ्या गाडीत बसून, समुद्राकडे तोंड करून. त्या पांढऱ्या छोट्या गाडीत मला कधी काही बोलावं लागलं नाही. तू चालवायचीस, बडबडायचीस, मध्येच गायची नाही ती गाणी गायचीस. मी खिडकीतून चिकूच्या वाड्या बघत बसायचो. दुसरीकडे कुठे गप्प बसलो की लोक विचारतात, काय झालं? तू कधी विचारलं नाहीस. जगात मला निवांत गप्प बसता यायचं अशी ती एकच जागा होती, आणि मी हात घातला तो नेमका तिच्यात.

आधी जुनं सांगतो, त्याशिवाय पुढचं उलगडणार नाही.

गाडी नवीन घेतलेली. नवीन म्हणजे तुला नवीन. आधीच्या मालकाने ती बरीच पिळून घेतली होती. तुझी शाळा तेव्हा उधव्याकडे, पार आतल्या पाड्यावर. एसटी जायची ती फाट्यापर्यंत. रोज तेवढीच छोटी फेरी, धुळीचा रस्ता, प्लग काळे पडायचे. एका रविवारी तू ठरवलंस की प्लग आपणच बदलायचे. मी तळासरीला तुझ्याकडे जेवायला आलो होतो. तू अंगणात वर्तमानपत्र पसरलंस आणि उत्साहाच्या भरात तिन्ही प्लग एकदम काढलेस. काढले, पाहिले, नवे बसवले, आणि वायरी लावायची वेळ आली तेव्हा कुठली वायर कुठल्या प्लगची ते कुणालाच आठवेना. तू अंदाजाने लावल्यास. सेल्फ मारलास. गाडी खोकली, दचके दिले, मागून असा बार काढला की शेजारच्या कोंबड्या कुंपण ओलांडून पळाल्या.

भावोजी आतून म्हणाले, "उद्या शाळेत चालत जा. लवकर पोचशील."

"तुम्ही पोस्टात पत्रं चुकीच्या घरी टाकता तेव्हा मी काही बोलते का?" तू म्हणालीस.

मी रात्री मुक्कामालाच राहिलो. दुसऱ्या दिवशी भिलाडचा एक मेस्त्री आला. त्याने बॉनेट उघडलं, दोन वायरी काढल्या, एकमेकींच्या जागी लावल्या. झालं. "बेन, एन्जिन तो सारुं छे. वायर अदलाबदली थई गई छे." तू त्याला चहा पाजलास आणि त्याच्याकडून बाकीचं सगळं शिकून घेतलंस. तुझी ती खोडच. शिकवणारा सापडला की त्याला सोडायचं नाही.

तेव्हापासून तुझा नियम झाला. एक काढ, एक बसव, मगच पुढच्याला हात लाव. "पंगतीत वाढतो तसं," तू सांगायचीस. "मधलं पान सोडून पुढे जायचं नाही." इंजिन थंड हवं, गरम असताना पाना लावला तर आटे निघून येतात. प्लग काढायच्या आधी खाचेतली धूळ सायकलच्या पंपाने उडवायची, नाहीतर ती आत पडते. नवा प्लग रबरी नळीच्या तुकड्यात खोचून आत सोडायचा आणि नळीच बोटांनी फिरवायची. पहिले आटे नेहमी बोटाने. "बोटाला कळतं वाकडं जातंय ते. पान्याला काय कळतंय? पाना म्हणजे आमचे केंद्रप्रमुख. जोर आहे, अंदाज नाही." आणि निघालेला प्लग उन्हात धरून त्याचा रंग बघायचीस. भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालाचा रंग असला की खूश. काजळी असली की, "हिला पचत नाहीये बघ."

मी शेजारी पाने देत उभा असायचो. इतकी वर्षं पाहिलं, पण एकदाही स्वतः प्लग बसवला नाही. तू म्हणायचीस, "बसव की रे." मी म्हणायचो, "तुझा हात बसलाय, तूच कर." ते खरं होतं. तुझा हात इतका बसला होता की पाना लावताना तू माझ्याकडे बघून बोलायचीस.

आता रानशेतचं.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावरची गोष्ट. तू मला डहाणूला सोडायला निघाली होतीस. चारोटीवरून आत वळलो, रानशेतजवळच्या वळणावर एक बाई डोक्यावर मोळी घेऊन रस्त्याच्या कडेने येत होती. मला ती केव्हाची दिसत होती. मला वाटलं तुलाही दिसत असेल. गाडी सरळ तिच्यावर चालली तेव्हा मी ओरडलो. मी ओरडलो, ताई. तू ब्रेक दाबलास, ती चिखलात उडी मारून बाजूला झाली, मोळी रस्त्यावर सुटली.

"रस्ता काय तुझ्या बापाचा हाय?" ती म्हणाली.

तू उतरलीस. "बापाचा असता तर तुला चालायला जागा ठेवली असती गं. लागलं का कुठे?" तिच्याबरोबर खाली बसून तू सगळी लाकडं गोळा केलीस, मोळी बांधू लागलीस, डोक्यावर चढवून दिलीस. जाताना ती हसली पण. तुझ्यावर कुणी जास्त वेळ चिडून राहू शकायचं नाही.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "दिसली नाही?"

"ऊन डोळ्यावर आलं."

आभाळ भरून आलं होतं. उन्हाचा पत्ता नव्हता. मी पुढे काही बोललो नाही. डहाणू येईपर्यंत तूही गायली नाहीस.

मला ठाऊक होतं. भावोजींनी आधीच सांगितलं होतं. काचबिंदू. समोरचं बरं दिसतं, बाजूचं हळूहळू जातं, आणि गेलेलं परत येत नाही. वापीच्या डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली होती. "ती मला म्हणते, डॉक्टरलाच दिसत नाही," भावोजी म्हणाले. "माझं नाही ऐकत. तू सांग. तुझ्या शब्दाला किंमत आहे, तू क्वचित बोलतोस." मी सांगतो म्हणालो. रानशेतनंतरच्या रविवारी तेच सांगायला तळासरीला आलो. एसटीत मनाशी घोकत आलो. ताई, तुझे डोळे. ताई, तो हायवे, ते ट्रक. ताई, मला भीती वाटते.

तू दारातच म्हणालीस, "आलास? बस, बोंबील तळते," आणि आत गेलीस. भावोजी झोपले होते. गाडी अंगणात होती. बॉनेटची कळ कुठे आहे ते मला माहीत होतं. त्या मेस्त्रीने कुठल्या दोन वायरी बदलल्या होत्या तेही मला माहीत होतं.

बोंबील तळून होईपर्यंत माझं काम झालं होतं. हात धुऊन मी ताटावर बसलो. तू म्हणालीस, "आज भूक चांगली दिसतेय."

मला तुझ्याशी भांडायचं धाडस नव्हतं, म्हणून मी गाडीच्या आडून तुला अडवलं. मनात म्हणत होतो, दोन दिवस बंद राहील, तू वैतागशील, म्हणशील जाऊ दे, जुनी झाली. कुणाला वाईटपणा नको. आपल्या घरात असंच चालतं, नाही का? आईची विडी बाबांनी अशीच बंद केली होती, बंडल लपवून, एक अक्षर न बोलता. सगळे त्याला समजूतदारपणा म्हणाले.

सोमवारी तुझा फोन. "घुम्या, गाडी खोकतेय रे. येताना स्टेशनजवळच्या दुकानातून प्लग घेऊन ये."

मी आणले. ज्या माणसाने वायरी बदलल्या त्यानेच तुला नवे प्लग आणून दिले, आणि तू ते बसवताना शेजारी उभा राहिला. एक काढलास, एक बसवलास. मग दुसरा. मग तिसरा. प्रत्येक वायर जिथून काढलीस तिथेच लावलीस, न चुकता. तुझी ती शिस्तच, ताई. तू जरा धांदरट असतीस, पूर्वीसारखे तिन्ही एकदम काढले असतेस, तर अंदाजाने का होईना वायरी कदाचित बरोबर लागल्या असत्या. तू चुकत नव्हतीस म्हणून माझी चूक तशीच्या तशी जपली गेली.

गाडी पुन्हा खोकली. तू निघालेले प्लग उन्हात धरलेस. "दोन ओले, एक कोरडा," म्हणालीस. कपाळाला आठ्या. आणि मग तू नेमकं बोललीस: "मागे वायरी चुकल्या होत्या तेव्हा अशीच करत होती. पण मी तर एकेकच काढते."



तू डब्याच्या टोपीवर वाकलीस, जिथून तिन्ही वायरी निघतात त्या. आकडे तिथे कोरलेले असतात, पण काळ्यावर काळे, बारीक. तू चष्मा वर केलास, खाली केलास, डोकं वाकडं करून पाहिलंस. मग सरळ झालीस आणि म्हणालीस, "मला नीट दिसत नाहीये. तू बघ रे. वायरी बरोबर आहेत ना?"

आयुष्यात पहिल्यांदा तू माझ्यापाशी कबूल केलंस की तुला दिसत नाही. तुझ्या तोंडून आलं होतं. मी तिथेच म्हणायला हवं होतं, हो ताई, दिसत नाही, चल आत बसून बोलू.

मी वाकलो. पाहिल्यासारखं केलं. म्हणालो, "बरोबर आहेत."

वायरी फिरवल्या ते एक वेळ माफ होईल. भीतीपोटी माणूस काहीही करतो. पण तू माझे डोळे मागितलेस आणि मी ते खोटे दिले, ते नाही होणार.

मग तू कारण शोधायला लागलीस. तुझा स्वभावच तो, कारण मिळाल्याशिवाय गप्प बसायची नाहीस. वायरी बरोबर, प्लग नवे, पेट्रोल येतंय. मग उरलं काय? पुढच्या खेपेला प्लग बसवताना मधला जरा जड फिरला म्हणे. आणि तू निकाल दिलास: आटे मारले गेले. बोट थरथरलं असेल, प्लग वाकडा गेला असेल, इंजिनमधले आटेच खराब झाले. "माझ्या हाताने," तू म्हणालीस, आणि दोन्ही तळवे समोर धरून पाहिलेस, कुणा दुसऱ्याचे असावेत तसे.

भावोजी म्हणाले, मेस्त्री बोलावू. तू नको म्हणालीस. "त्याने मला शिकवलं. त्याला काय दाखवू?"

आणखी एकदा मला प्लग आणायला लावलेस. तेही बसवून पाहिलेस. त्यानंतर गाडीवर ताडपत्री टाकलीस.

मला सुटल्यासारखं वाटलं, हे लिहायला हवं. हायवेवरून तू जात नव्हतीस. रात्री फोन वाजला की छातीत धस्स व्हायचं ते थांबलं. मी स्वतःला सांगत होतो, केलंस ते बरं केलंस. मग हळूहळू बाकीचं दिसायला लागलं. मिक्सर बिघडला तर तू तो पिशवीत घालून दुकानात दिलास. शिलाई मशीनचा पट्टा निसटला तर मेघा येईपर्यंत तसाच ठेवलास. शाळेतल्या जुन्या मुली पंखे, इस्त्र्या घेऊन यायच्या, "बाई, बघा ना," त्यांना म्हणालीस, "माझा हात गेला गं आता."

आणि दसरा. आपल्याकडे दसऱ्याला ज्याचं त्याचं हत्यार पाटावर. वरोरला बाबांची जाळी विणायची सुई असायची, आईचा कोयता. तुझ्या घरी भावोजींचं पेन, मेघाची पुस्तकं, आणि दरवर्षी मधोमध तुझा प्लगपाना, घासून पुसून, वर झेंडूचं फूल. पाहुणे हसायचे, तू आणखी एक फूल वाहायचीस. गेल्या दसऱ्याला मी आलो तर पाटावर पेन होतं, पुस्तकं होती. पाना नव्हता. मी पाटाकडे बघतोय हे तू पाहिलंस. "ज्याने काम करता येत नाही ते कशाला मांडायचं?" म्हणालीस आणि मला सोनं दिलंस, पाया पडू दिलंस, पाठीवर हात ठेवलास. तोच हात.

सांगायचं होतं. जिभेवर आलं होतं. भावोजी म्हणाले, चला, श्रीखंड गरम होतंय. सगळे हसले. मी गिळून टाकलं.

मग दवाखाना. तो सगळा भाग मी लिहीत नाही, तू होतीस तिथे. एकच लिहितो. मी मोसंबी आणली होती. एरवी तू कुणाला सोलू द्यायची नाहीस, आम्ही साल तोडून काढतो म्हणायचीस. तू एका लांब फितीत काढायचीस. त्या दिवशी तू मोसंबं हातात घेतलंस, फिरवलंस, आणि मला दिलंस. "तू सोल. माझ्या हाताचं आता काही खरं नाही. गाडीपासूनच बिघडलं बघ."

मी सोललं. तुकडे तुकडे झाले सालीचे. तू एक फोड खाल्लीस, म्हणालीस, "गोड आहे." खोलीत आपण दोघंच होतो. याहून चांगली वेळ मला मिळणार नव्हती. पण माझ्या मनात आलं, आता कशाला? बरी झाली की सांगू. आजारी माणसाला कशाला त्रास? मी तुला जपत नव्हतो, ताई. मी मला जपत होतो.

तेराव्याला घर भरलं होतं. पाड्यावरच्या बाया आल्या होत्या, शाळेतल्या जुन्या मुली आपापल्या पोरांना घेऊन. जेवणं झाली, सुपारी फिरली, आणि लोक तुझे किस्से सांगायला लागले. तुला आवडलं असतं. राऊत गुरुजी म्हणाले, "शेवटी शेवटी बाई गाडीला दर आठवड्याला नवे प्लग घालायच्या, आणि गाडी आपली खोकतेच आहे, खोकतेच आहे! मी म्हटलं, बाई, प्लग कशाला, अडुळसा द्या." सगळे हसले. मेघाही हसली, डोळे पुसत. भावोजी हसले. कुणाच्या मनात वाईट काही नव्हतं, माया होती.

मीही हसलो.

हसलो आणि कळलं, आता हे असंच राहणार. ज्या बाईने पाड्यावरच्या पोरींना शिकवलं की यंत्राला घाबरायचं नाही, ती लोकांच्या आठवणीत शेवटी एक थकलेली बाई म्हणून राहणार, जिच्या हातून साधा प्लग बसेना. आणखी दहा वर्षांनी मेघाची मुलं हाच किस्सा सांगतील. तू तर गेलीस तेच खरं मानून. आता सगळ्यांनीच ते मानायचं?

म्हणून काल सकाळी भावोजींना आणि मेघाला अंगणात बोलावलं. ताडपत्री काढली. आधी तू बसवलेले प्लग एकेक करून काढले, तुझ्या पद्धतीने, थंड इंजिन, आधी धूळ उडवून. रबरी नळी तुझ्या पेटीतच होती. प्रत्येक प्लग परत नळीने, नुसत्या बोटांनी फिरवून आत घातला. आयुष्यात पहिल्यांदा. तिन्ही लोण्यासारखे गेले. मधलासुद्धा. आटे शाबूत आहेत, ताई. तू कुठलाही आटा मारला नव्हतास. जड फिरला असेल, नवा होता म्हणून.

मग त्या दोन वायरी काढल्या आणि एकमेकींच्या जागी लावल्या. लावता लावता सांगितलं. मान वर न करता, पण सगळं. रानशेत, बोंबील, टोपीवरचे आकडे, "बरोबर आहेत." एवढं सलग मी कधीच बोललो नव्हतो. मग सेल्फ मारला, आणि पुढचं तुला सांगितलंच.

पहिले भावोजी बोलले. कप पायरीवर ठेवला, स्वतःही बसले. "ताडपत्री टाकली त्या दिवशी ती रडली होती," म्हणाले. "मला वाटलं गाडीसाठी रडतेय. मी म्हटलं, अगं वय झालं की हात कापतातच, त्यात काय एवढं." मग इंजिनकडे पाहून म्हणाले, "मी तिला समजावलं. हेच समजावलं."

मला वाटलं होतं ते मला शिव्या देतील. नाही दिल्या. ते कठीण गेलं.

मेघाने दिल्या. तुझीच मुलगी. तिने आधी गाडी बंद केली, म्हणजे मला नीट ऐकू यावं.

"मामा, आईला तू सांगायचं होतंस."

"तिने ऐकलं नसतं गं."

"नसतंच ऐकलं! तुला झोडपून काढलं असतं. महिनाभर तुझा फोन घेतला नसता. मला फोन करून तुझ्या नावाने खडे फोडले असते. आणि मग एक दिवस तिने स्वतः किल्ली आणून माझ्या हातात ठेवली असती, तिची तिने. तू तिला भांडूच दिलं नाहीस." तिने बॉनेट आपटून बंद केलं. "डोळे गेले हे तिने सोसलं असतं. तिला तू हात गेले म्हणून सांगितलंस."



तिने ड्रायव्हरच्या सीटवरची धूळ ओढणीने झटकली, बसली, काच खाली केली. मी दुसऱ्या बाजूने दार उघडायला गेलो. "तू नाही," ती म्हणाली. "मी पाड्यावर जातेय. ज्या बायका काल हसल्या त्यांना सांगून येते. राऊत काकांना तू सांग. लिहून दे. तुला बोलता येत नाही ना, मग लिही." पुन्हा सेल्फ मारून गाडी फाटकातून बाहेर काढली आणि उधव्याच्या रस्त्याला लागली. वळणावर हॉर्न दिला. तुझ्यासारखाच, उगाचच.

मी डहाणूला एसटीने आलो. खिडकीची जागा होती. रानशेत आलं, गेलं.

माफी मागावी असं ठरवून बसलो होतो. पण मेघाचं वाक्य काढून टाकता येत नाहीये. माफी मागितली की भांडण मिटतं, आणि आपलं भांडण तर सुरूच झालं नाही. ते मी चोरलं. तेव्हा जे त्या रविवारी एसटीत घोकत आलो होतो ते आता म्हणतो, आणि मोठ्याने म्हणतो. घरातली आतून विचारतेय कुणाशी बोलताय.

ताई, गाडी चालवू नकोस. तुझे डोळे अधू झालेत. ती मोळीवाली तुला दिसली नाही, ऊनबीन काही नव्हतं, आणि हायवेवर ट्रक दिसणार नाही. मला तुझी भीती वाटते, झोप लागत नाही. प्लग तू हवे तेवढे बदल, जन्मभर बदल, तुझ्यासारखा हात या तालुक्यात नाही. पण चालवायला दुसऱ्या कुणाला तरी बसव. मला शिकव हवं तर.

सांगितलं. आता तू बोल. चीड, ओरड, घुम्या म्हण, आईबापाचा उद्धार कर, कितीही वेळ लागू दे. मी उठून जात नाही.